पुढचा भाग लवकरच: हप्त्याहप्त्याने आलेले व्हिडिओ गेम

एकच गेम चार-पाच तुकड्यांत कापून महिन्या-दोन महिन्यांच्या अंतराने विकण्याच्या पद्धतीला व्हिडिओ गेमच्या धंद्यात ‘एपिसोडिक’ म्हणतात. एखाद्या गाजलेल्या गेमचा दुसरा, तिसरा अवतार येणे ही निराळी गोष्ट. तो स्वतंत्र, पुरा गेम असतो आणि मागच्याशी त्याचे नाते नावापुरते असले तरी चालते. एपिसोडिक गेमचा पहिला भाग विकला जातो तेव्हा कथा अर्धवट असते, आणि विकणारा व घेणारा दोघांनाही ते ठाऊक असते. मासिकात कादंबरीच्या प्रकरणाखाली ‘क्रमशः’ छापत, तसाच हा करार. ‘करमणूक’ पत्रातून हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ हप्त्याहप्त्याने वाचणाऱ्यांनीही तोच केला होता. कादंबरीकाराला मात्र पुढच्या हप्त्यासाठी दौत, कागद आणि स्वतःची प्रकृती एवढे पुरत असे. मोठ्या गेमला शंभरेक माणसांचे पगार लागतात, आणि मागच्या भागात खेळणाऱ्याने काय केले ते पुढच्या भागाला लक्षात ठेवावे लागते. या दोन गरजांनी या पद्धतीचा इतिहास घडवला आणि बऱ्याचदा बिघडवला.

पद्धतीचा उगम कथेत नाही, वसुलीच्या अडचणीत आहे. १९८०च्या दशकात अमेरिकेत शेअरवेअर नावाची चाल रूढ होती. प्रोग्रॅम फ्लॉपीवर उतरवून कोणीही कोणालाही द्यावा, मोडेमवर चालणाऱ्या बुलेटिन बोर्डांवर ठेवावा, आणि ज्याला तो उपयोगी वाटेल त्याने लेखकाला टपालाने पैसे पाठवावेत. कामाच्या प्रोग्रॅमसाठी लोक पैसे पाठवत, गेमसाठी क्वचितच. पुरा गेम हातात असताना पाकिटाला तिकीट लावण्याचा आळस कोण मोडणार? टेक्ससमधल्या गार्लंड गावी अपोजी सॉफ्टवेअर चालवणाऱ्या स्कॉट मिलर यांनी १९८७ साली ‘क्रोझ’ या गेमच्या वेळी यावर तोड काढली. गेमचे भाग पाडले, पहिला फुकट सोडला, आणि बाकीचे पैसे आल्यावर टपालाने. चव फुकट, ताट विकत.

या युक्तीला खरे बळ आले ते ‘कमांडर कीन’ने. लुइझियानातल्या श्रीव्हपोर्ट इथे सॉफ्टडिस्क ही कंपनी वर्गणीदारांना डिस्कवरचे मासिक पाठवत असे. तिथे नोकरीला असलेले जॉन कारमॅक, जॉन रोमेरो, टॉम हॉल आणि एड्रियन कारमॅक ऑफिसातलेच संगणक शनिवार-रविवारी घरी नेऊन अपोजीसाठी तीन भागांचा गेम रचत होते. १४ डिसेंबर १९९० रोजी पहिला भाग सुटला. मानधनाचा पहिलाच चेक १०,५०० डॉलरचा आला आणि मंडळींना नोकरी सोडण्याचा धीर झाला. त्यांनी काढलेल्या आयडी सॉफ्टवेअरने १९९२ मध्ये ‘वुल्फेन्स्टाइन ३डी’ आणि १० डिसेंबर १९९३ रोजी ‘डूम’ याच तऱ्हेने बाजारात आणले. डूमचे तीन भाग, प्रत्येकात नऊ लेव्हल, पहिल्या नऊ फुकट. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या सर्व्हरवर तो चढवायच्या वेळी वाट पाहणाऱ्यांची इतकी गर्दी झाली होती की खुद्द आयडीच्या माणसालाच आत शिरायला जागा मिळेना.

डूमचा पहिला भाग सुटला तेव्हा दुसरा आणि तिसराही तयार होता. भाग पाडले होते किमतीचे, वेळेचे नाही. पैसे पाठवणाऱ्याला थांबावे लागे ते टपाल येईपर्यंत. ही साधी गोष्ट पुढच्या पिढीच्या नजरेतून सुटली.

वेळेचे भाग पाडण्याचा पहिला ठळक प्रयोग जपानात झाला, आणि तो आकाशातून झाला. निन्तेंडोने एप्रिल १९९५ मध्ये सुपर फॅमिकॉम या कन्सोलला जोडायचे सॅटेलाव्ह्यू नावाचे यंत्र काढले. सेंट गिगा या उपग्रह नभोवाणी केंद्राकडून त्यावर गेम प्रसारित होत. त्या ऑगस्टमध्ये ‘झेल्दा’ या गेमचा एक अवतार चार आठवड्यांत चार भागांनी आला. खेळ चालू असताना निवेदकाचा आणि पात्रांचा आवाज रेडिओसारखा ऐकू येई, आणि खेळातले घड्याळ प्रसारणाच्या घड्याळाला बांधलेले असे. ठरलेल्या मिनिटाला ठरलेली घटना घडायची, मग खेळणारा गुहेत असो की डोंगरावर. वेळ संपली की खेळ बंद. त्या दिवशी घरी पाहुणे आले असतील तर भाग बुडाला. प्रसारण २००० साली कायमचे थांबले. तो गेम कार्ट्रिजवर कधी निघाला नाही, आणि त्यातले आवाज आज उरले आहेत ते कोणी हौशीने ध्वनिमुद्रण करून ठेवले म्हणून. हप्त्याने येणारी वस्तू जपून ठेवणे किती कठीण असते याचा हा पहिला नमुना.

बान्दाईने २००२-०३ मध्ये प्लेस्टेशन २ साठी ‘डॉट हॅक’ची चार डिस्कांची मालिका काढली. डिस्का सुमारे तीन-तीन महिन्यांनी आल्या, प्रत्येकीबरोबर ॲनिमेशनपटाची एक डीव्हीडी होती, आणि आधीच्या डिस्कवरचे आपले पात्र पुढच्या डिस्कवर नेता येत असे. कल्पना चांगली, पण प्रत्येक डिस्कची किंमत पुऱ्या गेमची, आणि चारींतली भुयारे बरीचशी सारखी. अमेरिकेत इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने २००१ मध्ये ‘मॅजेस्टिक’ काढला तो याहून धाडसी होता. कटकारस्थानाची ही कथा दरमहा वर्गणी घेऊन खेळणाऱ्याच्या ई-मेलवर, फॅक्सवर, चक्क घरच्या फोनवर येत असे. रात्री अनोळखी माणूस फोन करून धमकी देई, तोही गेमचाच भाग. सप्टेंबर २००१च्या हल्ल्यांनंतर तो काही दिवस थांबवावा लागला आणि पुढच्या वर्षी बंदच झाला. खेळणाऱ्याला जेव्हा खेळायचे असे तेव्हा पुढचा धागा हाती नसे, आणि धागा येई तेव्हा तो दुसऱ्याच कामात असे. वाट पाहायला लावणे हीच कथेची रीत असली की तिला कंटाळा फार जवळ असतो.

२००५च्या सुमारास हवा बदलली. घरोघरी ब्रॉडबँड आले होते. व्हॉल्व्ह कंपनीची स्टीम ही डाउनलोडची सेवा सप्टेंबर २००३ मध्ये सुरू झाली होती. मोठ्या गेमचा खर्च मात्र प्रत्येक नव्या कन्सोलबरोबर फुगत चालला होता. दोन-तीन वर्षे पैसा आत जात राही, बाहेर काहीच येत नसे, आणि शेवटी दुकानाच्या फळीवर खोका जेमतेम काही आठवडे टिकत असे. तेवढ्यात खपला तर खपला. यावर एपिसोड हा रामबाण उपाय वाटू लागला. चार तासांचा भाग वर्षभरात होईल, त्याचे पैसे दुसऱ्या भागाच्या पगाराला लागतील, गिऱ्हाईक साठ डॉलरऐवजी दहा-वीस डॉलरचाच जुगार खेळेल, आणि लोकांना काय रुचले नाही ते कळल्यावर पुढच्या भागात सुधारता येईल. कथा सांगणाऱ्यांनाही हे पटत होते, कारण पंचवीस तासांचा गेम शेवटपर्यंत खेळणारे थोडे आणि तीन तासांचा भाग एका बैठकीत संपवणारे पुष्कळ. कागदावर या हिशेबात कुठेही चूक दिसत नाही.

तो हिशेब सर्वांत मोठ्या आवाजात मांडला व्हॉल्व्हने. त्यांचा ‘हाफ-लाइफ’ १९९८ मध्ये आला आणि ‘हाफ-लाइफ २’ नोव्हेंबर २००४ मध्ये, म्हणजे सहा वर्षांनी. कंपनीचे प्रमुख गेब न्यूवेल यांना पुन्हा तेवढे थांबायचे नव्हते. तिसऱ्या मोठ्या गेमऐवजी तीन एपिसोड करायचे ठरले. पहिला १ जून २००६ रोजी आला. दुसरा १० ऑक्टोबर २००७ रोजी, ‘ऑरेंज बॉक्स’ नावाच्या पाच गेमच्या गठ्ठ्यातून आला. तिसरा २००७च्या नाताळापर्यंत येईल असे आधी सांगितले होते. दुसऱ्या भागाच्या शेवटी नायिका ॲलिक्सच्या डोळ्यांदेखत तिच्या वडिलांचा मृत्यू होतो आणि पडदा पडतो. तिसरा एपिसोड कधी आलाच नाही.

असे का झाले याचे उत्तर दोन्ही भाग लागोपाठ खेळले की अर्धेअधिक मिळते. पहिला भाग हाफ-लाइफ २ च्याच शहरात, त्याच साहित्यावर रचला आहे. दुसऱ्यात उघडी अरण्ये आली, गाडी आली, शेवटी एक अवाढव्य मोकळ्या मैदानातली लढाई आली. प्रत्येक भाग मागच्यापेक्षा नवा असला पाहिजे ही ईर्षा सुटत नव्हती, आणि नवेपणाला वेळ लागतो. लहान भाग लहान राहिनात. व्हॉल्व्हला पैशाची टंचाई नव्हती, स्टीमच्या दुकानाची कमाई येत होती, बाहेरचा प्रकाशक तगादा लावत नव्हता. मग महिन्याच्या महिन्याला काहीतरी देण्याची शिस्त येणार कुठून? २०२४ मध्ये हाफ-लाइफ २ ला वीस वर्षे झाली तेव्हा कंपनीने काढलेल्या माहितीपटात या मंडळींनी तिसऱ्या भागाचे अपुरे तुकडे दाखवले. माणसे मध्येच ‘लेफ्ट फोर डेड’ या गेमच्या कामाला गेली आणि नंतर परतण्याची वेळ निघून गेली, असे त्यांनी सांगितले. केवळ गोष्ट संपवायची म्हणून भाग काढणे न्यूवेल यांना पुरेसे वाटले नाही. मधल्या काळात, ऑगस्ट २०१७ मध्ये, कंपनीतून निवृत्त झालेले कथालेखक मार्क लेडलॉ यांनी पात्रांची नावे बदलून एक पत्र स्वतःच्या संकेतस्थळावर टाकले होते. त्यात तिसऱ्या भागाचे कथानक होते. दहा वर्षे थांबलेल्या लोकांना शेवट मिळाला तो असा, वाचायला.

व्हॉल्व्हच्या आधी तीन आठवडे, मे २००६ मध्ये, रिच्युअल एंटरटेनमेंटने ‘सिन एपिसोड्स’चा पहिला भाग स्टीमवर आणला होता. नऊ भागांचा बेत होता. एक आला. पुढल्या जानेवारीत स्टुडिओ दुसऱ्या कंपनीने घेतला आणि उरलेले आठ भाग योजनेतच राहिले. ‘सॉनिक’च्या चौथ्या गेमचेही तसेच: २०१०ला पहिला भाग, २०१२ला दुसरा, त्यानंतर शांतता.

हप्ते वेळेवर देता येतात हे दाखवले टेलटेल गेम्सने. लुकासआर्ट्स या नावाजलेल्या कंपनीने मार्च २००४ मध्ये ‘सॅम अँड मॅक्स’चा नवा गेम अर्ध्यावर रद्द केला. तिथून बाहेर पडलेल्या लोकांनी त्याच वर्षी कॅलिफोर्नियात सॅन राफेल इथे हा छोटा स्टुडिओ थाटला. हप्त्यांचा त्यांचा पहिला प्रयत्न जेफ स्मिथ यांच्या ‘बोन’ या नऊ खंडांच्या चित्रकथेवर होता. दोन खंड झाले आणि काम थांबले. मग त्यांनी ‘सॅम अँड मॅक्स’चेच हक्क मिळवले. ऑक्टोबर २००६ ते एप्रिल २००७ या काळात सहा भाग आले, पहिल्या दोहोंमधले अंतर सोडले तर दर महिन्याला एक.

यामागची कारागिरी टीव्ही मालिकेच्या चित्रीकरणासारखी होती. कुत्रा आणि ससा अशा या दोन गुप्तहेरांचे ऑफिस, खालचा रस्ता, कोपऱ्यावरचे दुकान, शेजारच्या बाईंचे दालन हे सेट एकदा उभे केले आणि सहाही भागांत वापरले. प्रत्येक भागात एखादीच नवी जागा आणि दोन-चार नवी पात्रे. कोडी संवादातून सुटणारी, त्यामुळे नवे तंत्र लागत नसे. एक गट एका भागावर शेवटचा हात फिरवत असे तेव्हा दुसरा पुढच्याचे लेखन संपवत असे. व्हॉल्व्हला जी पुनरावृत्ती नकोशी होती तिच्यावरच टेलटेलचे पोट होते. विनोदी मालिकेत तोच रस्ता पुन्हा दिसला तर बिघडत नाही, उलट घरी आल्यासारखे वाटते. गंभीर युद्धकथेत ती सोय नसते. कोणता गेम हप्त्याने द्यावा आणि कोणता देऊ नये याचा निम्मा निकाल इथेच लागतो.

टेलटेलचे भाग्य फळले ते २०१२ मध्ये. रॉबर्ट कर्कमन यांच्या ‘द वॉकिंग डेड’ या चित्रकथेच्या जगात घडणारा पाच भागांचा गेम एप्रिलमध्ये सुरू झाला आणि नोव्हेंबरमध्ये संपला. ली एव्हरेट हा खुनाची शिक्षा होऊन तुरुंगाकडे निघालेला माणूस आणि आईबापांपासून तुटलेली क्लेमेंटाइन ही लहान मुलगी, एवढ्या दोघांवर सारा भार. नेमबाजी नाममात्र. खेळायचे म्हणजे काही सेकंदांत उत्तर निवडायचे. उत्तर दिले की पडद्याच्या कोपऱ्यात सूचना उमटे, की अमुक माणूस हे लक्षात ठेवील. भाग संपला की जगभरच्या खेळणाऱ्यांपैकी किती टक्क्यांनी कोणता निर्णय घेतला त्याचा तक्ता दिसे. पुढचा भाग येईपर्यंत तो तक्ता चर्चेला पुरत असे. आपण चूक केली का, दुसऱ्याला वाचवले असते तर काय झाले असते, मुलीसमोर खोटे बोलायला हवे होते का? एका रात्रीत संपणाऱ्या गेमला असले सात महिने मिळत नाहीत. जानेवारी २०१३ पर्यंत त्याचे ८५ लाख भाग विकले गेल्याचे जाहीर झाले. कन्सोलवर एका भागाची किंमत पाच डॉलर होती.

हाच गेम हप्त्यांची दुसरी बाजूही दाखवतो. पहिल्या भागात एका क्षणी डग आणि कार्ली या दोघांपैकी एकालाच वाचवता येते. खरोखर दोन फाटे फोडायचे तर पुढचे चारही भाग दुहेरी लिहावे, बोलून घ्यावे आणि चितारावे लागले असते. असे पाच निर्णय झाले की बत्तीस कथा. महिन्या-दीड महिन्यात ते शक्यच नव्हते. म्हणून तिसऱ्या भागात, वाचवलेले पात्र कोणतेही असो, ते एकाच प्रसंगात एकाच हातून मरते आणि दोन्ही वाटा पुन्हा एक होतात. लोकांच्या हे लक्षात यायला थोडा वेळ लागला. आल्यावर ‘लक्षात ठेवील’ ही सूचना पुढच्या प्रत्येक टेलटेल गेममध्ये जरा पोकळ वाजू लागली. याला फसवणूक म्हणणे कठोर होईल. नाटकातही दार रंगवलेलेच असते. पण प्रेक्षकाने ते एकदा ढकलून पाहिले की तो पुन्हा पूर्वीसारखा नाटक पाहत नाही.

खेळणाऱ्यांच्या तक्रारी याहून साध्या होत्या. दोन भागांत चार महिने गेले की पात्रांची नावेही विसरतात. टेलटेलच्याच ‘द वुल्फ अमंग अस’चा पहिला भाग ऑक्टोबर २०१३ मध्ये आला, दुसरा फेब्रुवारी २०१४ मध्ये, आणि पहिल्या भागाच्या शेवटी दिलेला धक्का तोवर थंड झाला होता. सेव्ह केलेली फाइल बिघडली किंवा माणसाने मधेच कन्सोल बदलला तर मागचे सगळे निर्णय गेले. पैसे आगाऊ भरून सगळा सीझन घेतलेल्याला पुढचा भाग कधी येणार हे सांगणारे कोणी नसे. शहाण्या गिऱ्हाइकाने यातून धडा घेतला: सगळे भाग येऊ द्यावेत, मग सवलतीत एकदम घ्यावेत. प्रत्येक घराच्या दृष्टीने हा निर्णय बरोबर होता. पण पहिल्या भागाचे पैसे दुसऱ्या भागाच्या पगाराला लागतील हा जो मूळ हिशेब, त्याचा पायाच त्याने उखडला. भाग जितके उशिरा, तितके थांबणारे अधिक. थांबणारे जितके अधिक, तितका पुढच्या भागाला पैसा कमी. शिवाय तिसऱ्या भागापासून आत शिरणारा नवा माणूस नसतो. गळती तेवढी होते, भर पडत नाही.

टेलटेलने यावर शोधलेला उपाय होता आणखी गेम. २०१४-१५ मध्ये ‘बॉर्डरलँड्स’, ‘गेम ऑफ थ्रोन्स’, ‘माइनक्राफ्ट’ अशा परक्या मालकीच्या नावांवर एकाच वेळी अनेक सीझन चालू होते. ज्या सॉफ्टवेअरवर गेम उभा राहतो ते इंजिन तेच जुने, ठोकळा तोच, आणि भाग वेळेवर निघावा म्हणून महिनोन् महिने रात्रीची जागरणे. कलेच्या दृष्टीने ‘टेल्स फ्रॉम द बॉर्डरलँड्स’ उत्तम उतरला, पण एकाच चालीची इतकी गाणी लोकांना नको होती. नोव्हेंबर २०१७ मध्ये ९० जणांना, म्हणजे चौथाई माणसांना, काढले. २१ सप्टेंबर २०१८ रोजी जवळजवळ सगळ्यांना घरी पाठवले, तेही भरपाईशिवाय. पंचवीसेक माणसे उरली. त्या दिवशी ‘द वॉकिंग डेड’च्या शेवटच्या सीझनचा चारांपैकी एकच भाग बाहेर आला होता, दुसरा चार दिवसांनी आला. पैसे चारांचे घेतले होते. अखेर कर्कमन यांच्या स्कायबाउंड कंपनीने काम हाती घेतले, जुन्यांपैकी काही माणसांना परत बोलावले आणि जानेवारी व मार्च २०१९ मध्ये उरलेले दोन भाग पुरे केले. क्लेमेंटाइनची गोष्ट संपली. बहुतेक अर्धवट हप्त्यांना असा दुसरा वाली मिळत नाही.

दरम्यान इतरांनी या पद्धतीचे निरनिराळे वापर करून पाहिले होते. पॅरिसच्या डोन्टनोड स्टुडिओने ‘लाइफ इज स्ट्रेंज’ जानेवारी ते ऑक्टोबर २०१५ या काळात पाच भागांत आणला. नायिकेला काळ मागे फिरवता येतो, त्यामुळे एकाच भागात सगळे पर्याय चाखून पाहता येतात आणि तरी कोणता ठेवावा हे ठरत नाही. मधले दोन महिने या घोळाला पोषक ठरले. त्याच्या दुसऱ्या गेमचे पाच भाग सप्टेंबर २०१८ ते डिसेंबर २०१९ असे रेंगाळले आणि तीच वाट पाहणे ओझे झाले. ‘केंटकी रूट झीरो’ तीन माणसांनी केलेला. त्याचा पहिला अंक जानेवारी २०१३ चा, पाचवा जानेवारी २०२० चा. तिसऱ्या आणि चौथ्या अंकात दोन वर्षांहून अधिक अंतर, तरी त्याच्या चाहत्यांत फारशी खळखळ झाली नाही. त्यांनी गेम घेतला होता कवितासंग्रहासारखा, आणि कवीला कोणी तारीख विचारत नाही. नॉर्वेतल्या ‘ड्रीमफॉल चॅप्टर्स’च्या पाच खंडांनी आणखी एक अडचण पुढे आणली: मधेच इंजिनची आवृत्ती बदलली आणि आधी विकलेले खंड पुन्हा नव्याने बांधावे लागले.

सर्वांत अनपेक्षित यश होते ‘हिटमॅन’चे. कोपनहेगनच्या आयओ इंटरॲक्टिव्हने २०१६ मध्ये हा भाडोत्री मारेकऱ्याचा गेम एकेका शहराने विकायला काढला तेव्हा चाहते चिडले होते. मार्चमध्ये पॅरिस, मग सापिएंझा हे कल्पित इटालियन गाव, माराकेश, बँकॉक, कोलोरॅडो, आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या दिवशी होक्काइदो. पण हातात एकच शहर असल्यामुळे लोकांनी पॅरिसचा तो वाडा महिनाभर उलटसुलट करून खेळला. कुठल्या स्वयंपाक्याचे कपडे चोरावेत, कुठल्या झुंबराखाली कोणाला उभे करावे, हे पाठ झाले. एरवी हीच माणसे तास-दीड तासात पुढच्या शहरात गेली असती. मधल्या काळात स्टुडिओ काही दिवसांपुरतीच दिसणारी सावजे सोडत असे. त्यांच्यावर एकच संधी, हुकली की गेली. कथा इथे पातळ आणि प्रत्येक शहर स्वतंत्र, म्हणून वाट पाहण्याचा त्रास कमी होता. समीक्षक खूश झाले, पण विक्री प्रकाशकाच्या अपेक्षेला उतरली नाही. मे २०१७ मध्ये प्रकाशक स्क्वेअर एनिक्सने हा स्टुडिओ सोडायचे जाहीर केले आणि महिन्याभरात तो त्याच्या चालकांनीच विकत घेतला. २०१८च्या ‘हिटमॅन २’ मध्ये हप्ते नव्हते. त्यातल्या मुंबईत दाटीची वस्ती आहे, अर्धवट बांधलेला टॉवर आहे, हिंदी सिनेमाचे चित्रीकरण चालले आहे. पण ही मुंबई खेळणाऱ्याला बाकीच्या शहरांबरोबर एकाच दिवशी मिळाली, आणि पॅरिससारखा एकटीचा महिना तिच्या वाट्याला आला नाही.

२०१३ मध्ये नेटफ्लिक्सने ‘हाउस ऑफ कार्ड्स’ या मालिकेचा सबंध सीझन एका दिवशी टाकला तेव्हापासून हप्त्याची वाट पाहण्याची प्रेक्षकांची सवयच बदलत गेली होती. ‘लाइफ इज स्ट्रेंज’चा २०२१ मधला ‘ट्रू कलर्स’ पाच प्रकरणांचाच राहिला, पण सगळी प्रकरणे एकदम आली. अर्धवट गेम विकण्याची गरज मात्र संपली नाही. तिने स्टीमवर मार्च २०१३ मध्ये सुरू झालेल्या ‘अर्ली ॲक्सेस’चे रूप घेतले, जिथे गेम कच्चा आहे हे पाटीवरच लिहिलेले असते. ‘बाल्डर्स गेट ३’चा फक्त पहिला अंक ऑक्टोबर २०२० मध्ये विकायला आला, आणि पुरा गेम ऑगस्ट २०२३ मध्ये, घेतलेल्यांना जादा पैसे न आकारता. नाव न घेता हा एपिसोडच होता. गिऱ्हाईक मात्र कथेच्या प्रेक्षकासारखे बसले नाही, कारखान्यात बोलावलेल्या पारख्यासारखे वागले. ‘सीझन’ हा शब्दही तोवर ‘फोर्टनाइट’सारख्या कधीच न संपणाऱ्या गेमनी उचलला होता.

जुनी पद्धत जिथे उरली तिथे ती आता दोन टोकांना दिसते. टोबी फॉक्स यांनी ‘डेल्टारून’चे पहिले प्रकरण ऑक्टोबर २०१८ मध्ये फुकट दिले, तेव्हा उरलेली सगळी एकदम द्यायचा त्यांचा मनसुबा होता. तो टिकला नाही. दुसरे २०२१ मध्ये आले, तेही फुकट. तिसरे-चौथे जून २०२५ मध्ये आले तेव्हा कुठे पैसे मागितले, आणि पुढची प्रकरणे त्याच पैशांत देण्याचे वचन दिले. दुसऱ्या टोकाला आहे ‘डिस्पॅच’. टेलटेलमधून बाहेर पडलेल्या लोकांच्या ॲडहॉक स्टुडिओने तो २२ ऑक्टोबर २०२५ पासून आणला: आठ भाग, दर आठवड्याला दोन, चार आठवड्यांत समाप्त. भाग सुटे मिळत नव्हते, पैसे एकदाच आणि सगळ्याचे.